झुंबरच्या हातचे मार्क

गंगापूर रोडवरच्या त्या तंत्रशाळेत शिकवणारी माणसं सतरा होती. कानस नीट चालवता येणारा माणूस एकच होता, आणि तो झाडू मारायला ठेवलेला होता. त्याचं नाव झुंबर गांगुर्डे. हजेरीपटावर त्याच्या नावापुढं 'कार्यशाळा परिचर' असं लिहिलेलं असे. म्हणजे लोखंडाचा कीस गोळा करायचा, यंत्रांना तेल द्यायचं आणि सरांना चहा आणून द्यायचा. शाळेचं नाव मुद्दामच सांगत नाही. तिथून पास झालेली मंडळी आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत, त्यांची झोप कशाला उडवा.

झुंबर मूळचा सायखेड्याचा. सातवीनंतर त्याची शाळा सुटली आणि तो लासलगावला, कांद्याचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका शेडात लागला. तिथं रेल्वेतून निवृत्त झालेला एक म्हातारा फिटर होता. त्यानं झुंबरला चार वर्षं कानशीशिवाय दुसरं काही शिकवलंच नाही. कोपर हललं की पाठीत पट्टी बसायची. लोखंडाची कड घासायची, तिला गुण्या म्हणजे काटकोनी पट्टी लावायची, उजेडापुढं धरायचं, आणि मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. पाचव्या वर्षी रेघ दिसायची बंद झाली. "आता तुला कुठंबी मरण नाय," असं म्हातारा म्हणाला. नोकरभरतीच्या जाहिराती त्यानं कधी वाचलेल्या नसाव्यात.

१९७१ साली झुंबर तंत्रशाळेत आला. तिथं फिटरच्या वर्गाला निकुंभ सर होते. सर डिप्लोमाला पहिल्या वर्गात पास झालेले. कानशीचे प्रकार किती, तिचे दाते किती अंशात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. फळ्यावर ते कानशीचं चित्र असं सुरेख काढत, की पुढच्या तासाचे सर ते पुसायला धजत नसत. खरी कानस मात्र त्यांच्या हातात कुणी पाहिली नव्हती. तिचा वास हाताला राहतो, मग जेवण जात नाही, असं ते सांगत. प्रात्यक्षिकाच्या तासाला पहिली दहा मिनिटं ते सूचना देत, मग "बाकीचं झुंबर दाखवेल" म्हणून शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसत. आणि झुंबर खरंच दाखवी. पण तो परिचर, त्यामुळं पोरं त्याचं बघत आणि सरांचं लिहून घेत.

परीक्षेच्या दिवशी झुंबरचा खरा हंगाम असे. बाहेरगावचे परीक्षक सकाळी येत, प्रत्येक पोराच्या लोखंडी तुकड्यावर ठोकून नंबर उमटवत आणि आठ तासांचा जॉब देत. दुपारी प्राचार्य त्यांना जेवायला घेऊन जात. जेवण झाल्यावर गंगापूर धरण दाखवत. जाताना झुंबरला हळूच म्हणत, "पोरांच्या जॉबवर जरा लक्ष ठेव." परीक्षकांना धरण दिसेपर्यंत झुंबर लोखंड आवळून धरणाऱ्या एकेका व्हाइसपाशी जाऊन वीस-बावीस जॉब सरळ करून टाकी.

नुसते सरळ करी असंही नाही. वर्षभर जो पोरगा पंचावन्न मार्कांच्या आसपास रेंगाळला, त्याचा जॉब झुंबर पंचावन्नचाच करी. एका कोपऱ्यात केसाएवढा उजेड ठेवायचा, वरच्या अंगावर दोन ओरखडे सोडायचे, एक कड किंचित गोल राहू द्यायची. हुशार पोराला पंच्याहत्तर. अगदीच ढ असेल त्याला बावन्न. "चांगला जॉब कोन बी करंल," असं तो बायकोला, शकुबाईला, सांगायचा. "बावन मार्काचा करायचा तर डोकं लागतं." परीक्षक बरोबर तेवढेच मार्क देत. निकाल वर्षानुवर्षं शंभर टक्के लागे आणि निकुंभ सरांना दर वर्षी शाल आणि नारळ मिळे. एवढ्या शालींचं सर करत काय होते, हे कुणाला कळलं नाही.

एकदाच झुंबरनं पूर्ण हात लावून काम केलं होतं. शहाहत्तर साली जिल्ह्याचं प्रदर्शन भरलं, तेव्हा शाळेतर्फे एक नमुना ठेवायचा होता. पोलादी पट्टीला चौकोनी खाच आणि त्या खाचेत चारही बाजूंनी फिरवून बसणारा चौकोनी तुकडा. झुंबरनं तो तीन दिवसांत केला. बसवल्यावर सांधा दिसत नव्हता. त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि प्राचार्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात तो जाऊन बसला. खाली चिठ्ठी लागली, 'निर्मिती: श्री. निकुंभ, निदेशक'. चिठ्ठीवरची धूळ झुंबरच पुसायचा.

चौऱ्याऐंशी साली संस्थेनं ठराव केला. सहायक निदेशकाची, म्हणजे सरांच्या हाताखालच्या शिक्षकाची, एक जागा रिकामी होती. दहा वर्षं नोकरी झालेला परिचर बाहेरून फिटरच्या परीक्षेला बसून पास झाला, तर ती जागा त्याला द्यायची. झुंबरला ही जागा फार हवी होती. पगार वाढला असता हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. त्याची पोरगी चांगुणा नववीत होती आणि दर जूनला शाळेच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या ओळीशी आली की पेन चावत बसायची. त्या ओळीत तिनं एकदा तरी 'शिक्षक' लिहावं, एवढीच त्याची इच्छा होती. रोज तीच त्याच्याकडून प्रश्नोत्तरं पाठ करून घेई. जे हात रोज करत होते ते तोंडानं सांगायला झुंबरला घाम फुटायचा, पण लेखी पेपर बरा गेला. प्रात्यक्षिकाची त्याला काळजीच नव्हती.

त्या दिवशीही परीक्षक धरण बघायला गेले, आणि जाताना प्राचार्य म्हणाले, "झुंबर, तू परीक्षेला बसलायस हे ठीक, पण पोरांकडं लक्ष असू दे." झुंबरनं आपला जॉब तसाच सोडला आणि दोन वाजेपर्यंत पोरांचे मार्क घासत बसला. मग स्वतःच्या तुकड्याकडं वळला. जॉब योगायोगानं तोच होता, खाच आणि तुकडा. आज कुणाचे मार्क मोजून हात आवरायचा नव्हता. तीन तासांत त्यानं तो असा केला, की बसवल्यावर सांधा बोटाला लागेना.

परीक्षकांनी पोरांचे जॉब भराभर पाहिले. बावन्न, साठ, एकाहत्तर. झुंबरच्या जॉबपाशी ते थांबले. भिंग काढलं, पुन्हा पाहिलं, आणि तो तसाच मुठीत घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेले. सकाळी चहा घेताना त्यांनी तो कपाटातला नमुना पाहिलेला होता. त्यांनी दोन्ही टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. हा परीक्षक दुर्दैवानं जाणकार होता. कानशीचा हात अक्षरासारखा ओळखता येतो, आणि त्यानं तो ओळखला.

निकुंभ सरांना बोलावणं गेलं. झुंबर दाराशी उभा राहिला.

"हा नमुना तुमच्या हातचा आहे ना?" परीक्षकांनी विचारलं.

"हो," सर म्हणाले. चिठ्ठीच तशी होती.

"मग हा जॉबही तुमच्याच हातचा आहे. परिचराला तुम्ही करून दिलात."

हिशेब अगदी चोख होता. झुंबर दारातून म्हणाला, "साहेब, मला कानस द्या, आत्ता हितंच करून दावतो."

"परीक्षेची वेळ संपली आहे," परीक्षक म्हणाले. मग सरांकडं वळून त्यांनी मोठ्या उदारपणानं विचारलं, "तुम्ही नाही म्हणत असाल तर दहा मिनिटं कानस चालवून दाखवा. मी हात बघतो, वाद मिटेल."

निकुंभ सरांपुढं आता दोनच वाटा होत्या. आपण लबाडी केली असं कबूल करायचं, नाहीतर आपल्याला कानस येत नाही असं. सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "चूक झाली, साहेब. गरीब माणूस आहे, मुलीचं शिक्षण आहे. मला राहवलं नाही."

परीक्षकही हळवे झाले. मन मोठं आहे तुमचं, पण नियम नियम असतो, असं काहीसं ते म्हणाले. सरांना तोंडी समज मिळाली आणि झुंबरचा अर्ज रद्द झाला. नमुना कुणाचा हे झुंबरला सांगता आलं असतं. पण ते सांगितलं की पोरांच्या जॉबचंही निघालं असतं, आणि बाहेर बावीस पोरं ताटकळत उभी होती. त्यांतल्या निम्म्यांना सातपूरला कारखान्यात नोकऱ्या लागायच्या होत्या. झुंबर गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याचा त्याला पुढं वर्षभर संताप येत राहिला. आठवडाभर शिक्षकांच्या खोलीत निकुंभ सरांच्या मोठ्या मनाचीच चर्चा होती. त्या जूनला चांगुणानं अर्जात 'परिचर' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

पुढच्या परीक्षेला झुंबर वेळेवर आला. परीक्षक धरणावर गेले. त्यानं कीस झाडला, यंत्रांना तेल दिलं आणि खिडकीपाशी बसून राहिला. पोरं जॉब घेऊन येऊ लागली तेव्हा म्हणाला, "मी परिचर हाय रे बाबांनो. सरांना इचारा." पोरं सरांकडं गेली. सरांनी त्यांना कानशीचे प्रकार सांगितले.

बावीसपैकी तीन पास झाले. प्राचार्य इतके भडकले, की त्यांनी गोरक्ष क्लार्कला बोलावून उभ्या उभ्या मजकूर सांगितला आणि न वाचता सही ठोकली. झुंबरला मेमो मिळाला. चांगुणानं तो घरी मोठ्यानं वाचला: 'प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी उमेदवारांचे जॉब पूर्ण करून देण्याचे जे काम आपण गेली तेरा वर्षे समाधानकारकरीत्या करीत होता, ते यंदा न केल्यामुळे संस्थेचा निकाल घसरला आहे. तरी खुलासा करावा.'

झुंबरनं तिला तो तीनदा वाचायला लावला. 'समाधानकारकरीत्या' या शब्दाशी दर वेळी थांबवलं. मग तो शकुबाईला म्हणाला, "हेच लिहून पायजे होतं मला. शिक्क्यासकट आलं."

दोन दिवसांनी गोरक्षनं दफ्तरातली प्रत निकुंभ सरांना दाखवली, आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना उपप्राचार्य करायचा प्रस्ताव संस्थेपुढं होता. रविवारी सकाळी सर झुंबरच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. शकुबाईनं चहा दिला, तो त्यांनी घेतला, आणि म्हणाले, "झुंबर, तो कागद चुकून गेलाय. तेवढा परत दे."

"देतो की," झुंबर म्हणाला. ओट्यावर त्याचा एक जुना व्हाइस होता, शेजाऱ्यांची किडूकमिडूक कामं तो तिथं करी. त्यानं त्यात लोखंडाची पट्टी आवळली आणि कानस सरांपुढं धरली. "हिची एक कड सरळ करा. उजेड दिसला नाय पायजे. झाली की कागद घेऊन जा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"तुमच्या त्या नमुन्याला आठ कडा हायत, सर. मी एकच मागतो."

सरांनी शकुबाईकडं पाहिलं, दारात उभ्या चांगुणाकडं पाहिलं, आणि कानस घेतली. ती मुठीला धरायची की टोकाला, तिथपासून त्यांची सुरुवात होती. कानस पुढं जाताना डोकं वर करी आणि मागं येताना शेपूट. अर्ध्या तासात सरांचा सदरा भिजला आणि सरळ असलेली कड गोल झाली. शेवटी त्यांनी पट्टी सोडवून झुंबरपुढं केली.

"तूच कर रे," ते काकुळतीनं म्हणाले. "तुला दोन मिनिटांचं काम आहे."

आणि झुंबरचा हात खरंच पुढं गेला. कोण पट्टी पुढं करतंय हे बघायच्या आत गेला. त्याला स्वतःच्या हाताचा असा राग आला, की तो त्यानं पॅंटला पुसून मागं घेतला. आज आपल्याला मजा वाटेल असं त्याला वाटलं होतं. पण पंधरा वर्षं एखाद्या खोलीत रोज उभं राहायचं आणि एकदाही ती वस्तू हातात घेऊन बघावीशी वाटू नये, याची त्याला किळस आली. त्यानं पट्टीला गुण्या लावला आणि उन्हात धरला. दोन्ही टोकांनी भरपूर ऊन आलं. त्यानं तो चांगुणालाही दाखवला.

"बावन्नसुदिक नाय होत, सर," तो म्हणाला. "फुडल्या साली बाहेरून बसा. फारम मी आणून देतो."