लाँड्रीतला लेखी अबोला

फुटबॉलचा सामना रविवारी व्हायचा आणि त्याचा पंचनामा सोमवारी सकाळी, आत्याच्या लाँड्रीत. आत्या म्हणजे तशी फक्त धाकट्या भावाच्या दोन मुलींची आत्या. पण त्या पोरींनी लहानपणी दुकानात येऊन तिला इतक्या हाका मारल्या, की सगळ्या रस्त्याने तेच नाव उचललं. आता बँकेचे मॅनेजरसुद्धा शर्ट टाकायला आले की "आत्या, कॉलर जरा कडक हं" म्हणतात, आणि ते तिच्यापेक्षा वर्षभराने मोठे आहेत.

आत्याचं वय अठ्ठावन्न. लग्न केलं नाही आणि केलं नाही म्हणून कधी हळहळलीही नाही. चौतीस वर्षं इस्त्री धरून उजवा दंड डाव्यापेक्षा अंमळ जाड झालेला. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग पाठ, हा तिचा क्रम. कुणी आधी पाठीला हात घातला तर तिला त्या माणसाच्या सगळ्याच कारभाराबद्दल शंका यायची. दुकान बारा बाय चौदाचं. पुढे काउंटर, इस्त्रीचं टेबल आणि हँगरची दांडी, कपड्यांनी इतकी गच्च की पलीकडचं दिसू नये. मागे दोन मशीनं, पाण्याचा हौद, गल्लीत उघडणारं दार आणि धाकटा. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. धुणं त्याचं आणि डाग काढणंही त्याचंच. बाहीवरचा डाग बघून गिऱ्हाईक काल कुठे जेवलं हे तो सांगायचा, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईक विषय बदलायचं.

सोमवारच्या बैठकीचा आत्याने एक नियम घालून दिला होता. बोलायचं तर हात चालवायचे. काउंटरवर दवाखान्याच्या टॉवेलांची टोपली ठेवलेली असायची. ज्याला कप्तानावर बोलायचं त्याने बोलता बोलता टॉवेलांच्या घड्या घालायच्या. यात तिचं काम फुकटात व्हायचं हे तर खरंच. पण मुद्द्यात किती दम आहे हे तिला घडीवरून कळायचं. रागावलेल्या माणसाची घडी वाकडी. जो उगाच वाद घालायचा म्हणून घालतोय, त्याची घडी एकदम सुरेख.

आणि बोलायला विषयांची काही कमी नव्हती. संघाने सलग सहा सामने घालवले होते. कप्तान आणि प्रशिक्षक यांच्यात फाटलंय ही बातमी वर्तमानपत्रात नव्हती, पण लाँड्रीत होती.

"पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकाने कप्तानाकडे बघितलंसुद्धा नाही," चष्मेवाला दुकानदार टॉवेल झटकत म्हणायचा. "आत दोन गट पडलेत. लिहून ठेवा."

"लिहून कशाला ठेवायचं? मी मोजलंय," निवृत्त भूगोलाचे मास्तर म्हणायचे. मास्तरांनी टीव्हीच्या पडद्याला खरोखरच पट्टी लावली होती. हंगामाच्या सुरुवातीला सामन्याआधी राखीव बाकावर कप्तान प्रशिक्षकाच्या शेजारी बसायचा. मग मधे एक जागा रिकामी. मग तीन. "गेल्या रविवारी तर मधे पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा खोका होता! ही दरी आहे, दरी!"

"पण चूक कुणाची?"

इथे टॉवेल थांबायचे. निम्मी बैठक कप्तानाच्या बाजूची, निम्मी प्रशिक्षकाच्या. आत्या कप्तानाची. बारा वर्षं ज्याने घाम गाळला, त्याला भर सामन्यात बाहेर बसवतात? आणि त्याने दंडावरची पट्टी काढून गवतात फेकली तर दोष त्यालाच? मागच्या बाजूने मशीनच्या आवाजावर आवाज चढवून धाकटा ओरडायचा, की कुठेही कारभार एकानेच पाहायचा असतो आणि बाकीच्यांनी ऐकायचं असतं. मात्र हे तो आत्याला सांगत नसे. तो चष्मेवाल्याला सांगायचा, "तिला सांगा." आत्या मास्तरांना सांगायची, "त्याला विचारा." कारण सात महिने झाले, बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

सुरुवात त्या पट्टीवरूनच झाली होती. पट्टी गवतात पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला होता, "एकाच्या हातात सूत्रं असली की असले तमाशे होत नाहीत." आत्या पटकन बोलून गेली, "मग आपल्याकडे सूत्रं कुणाच्या हातात आहेत, ते तरी सांग." धाकट्याने मागे जाऊन मशीन सुरू केलं. वडील गेले ते दुकान दोघांचं म्हणून ठेवून गेले, पण मालक कोण हे कधीच बोलले नाहीत. तीस वर्षं कुणाला ते विचारायची गरजही पडली नव्हती. आता एकदा विचारून झाल्यावर तो प्रश्न काही खोलीतून जाईना.

बोलणं बंद झालं, पण दुकान कसं बंद होणार? मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. कपड्यांना नंबराची चिठ्ठी सेफ्टी पिनने लावतात, तशाच ह्याही. आत्याची चिठ्ठी कॉलरच्या उजव्या बाजूला, धाकट्याची डाव्या. "एकशे बाराचा रंग जातोय." "साबण संपला." "एकशे बाराचा रंग गेला, मी आधीच लिहिलं होतं." एकदा एका वकिलांच्या कोटावरची चिठ्ठी काढायची राहिली आणि ते कोर्टात तसेच उभे राहिले, कॉलरवर 'हट्टीपणा सोड' असं लिहिलेलं. खटला हरले म्हणे. पण त्याचा दोष चिठ्ठीला देता येणार नाही.

भावजयीने दोघांना समजावून पाहिलं. शेवटी तीही वैतागली आणि म्हणाली, "दोघंही त्या संघात जा. शोभाल."

मग एके सोमवारी, डाव्या बाजूला, एका परीटघडीच्या चादरीवर चिठ्ठी आली. 'गुरुवारी सकाळी सुतार येईल. मधोमध फळी घालू. पुढचं तुझं, मागचं माझं. दोन दुकानं.'

आत्याने ती चिठ्ठी चार वेळा वाचली. तिला फळी नको होती. मशीनची घरघर पाठीमागे नसेल तर इस्त्री कशी करायची हेच तिला कळेना. पण आपण होऊन बोललो तर आपण हरलो, असं त्या सात महिन्यांत दोघांच्याही डोक्यात घट्ट बसलं होतं. तिने कागद घेतला आणि लिहिलं, 'बरं.' मग इस्त्रीची वाफ उगाच जास्त वेळ सोडून तिने तोंड पुसलं. वाफेत रडण्याची सोय असते, विचारलं कुणी तर सांगायला कारण तयार.

त्याच गुरुवारी क्लबनेही मुहूर्त काढला. चाहत्यांचा रोष वाढलाय म्हणून मैदानाच्या गॅलरीखालच्या हॉलमध्ये चार वाजता सभा ठेवली. सेक्रेटरी स्वतः उत्तरं देणार आणि प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारता येणार. बैठकीने दोन्ही बाजूंना एकेक प्रश्न वाटून दिला; कप्तानाच्या बाजूने आत्याचं नाव एकमताने ठरलं. प्रशिक्षकवाल्यांनी त्यांचं नाव गुलदस्त्यात ठेवलं. मास्तर नुसते गालात हसत राहिले. आत्याला वाटलं, नवीन मोजमापं घेतली असतील.

गुरुवारी सुतार सकाळी येणार होता, म्हणजे अर्थातच आला नाही. आत्या दुपारपर्यंत दाराकडे बघत राहिली. साडेतीनला तिने इस्त्री बंद केली, रेडिओ तसाच चालू ठेवला, चांगली साडी नेसली आणि एका पांढऱ्या कोटाच्या उजव्या कॉलरला चिठ्ठी लावली. 'सभेला जातेय. पुढचं बघ.' मागे मशीन घरघरत होतं, म्हणजे धाकटा आहे. ती दार उघडं टाकून निघाली.

हॉलमध्ये तीनशे माणसं आणि तीनशे प्रशिक्षक. सेक्रेटरी चांगला जाडजूड माणूस होता. त्याच्या शर्टाची पाठ आधी आणि कॉलर नंतर केलेली आत्याला दहाव्या रांगेतून दिसली आणि तिथेच तिचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. पहिले तीन प्रश्न तिकिटांचे निघाले. मग आत्याच्या हातात माईक आला.

"मला एवढंच सांगा," आत्या म्हणाली, "कप्तान आणि प्रशिक्षक एकमेकांशी बोलतात का?"

सेक्रेटरी हसला. "बाई, त्यांच्यात संवाद उत्तम आहे. रोजच्या रोज आहे. फक्त तो लेखी आहे. हे त्यांच्या कपाटावर कागद लावतात, ते यांच्या कपाटावर. कामात काही खोळंबा नाही."

हॉलमध्ये हशा फुटला. माणसं बाकांवर हात आपटून हसत होती. "म्हणजे चिठ्ठ्या!" कुणीतरी ओरडलं. "दोन मोठे बाप्ये, आणि चिठ्ठ्या!" "मग सहा सामने हरणार नाहीत तर काय!" चष्मेवाला तेवढा हसला नाही. तो आत्याकडे बघत होता. आत्याची कानशिलं तापली. आपल्यावर कुणी हसत नाहीये, हे तिला कळत होतं आणि तेच जास्त लागत होतं.

"याच भागाचा दुसरा प्रश्न," सेक्रेटरीने पुकारलं.

हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला एक माणूस उठला. निळा शर्ट, बाहीवर साबणाचा पांढरा डाग. शेजारून मास्तरांनी त्याच्या हातात माईक दिला. धाकटा हातातल्या कागदावरून वाचू लागला, "संघाचा प्रमुख नेमका कोण, हे क्लबने एकदा..." वाचता वाचता त्याने मान वर केली. आत्या अजून उभीच होती.

माईक तोंडापाशी होता हे तो विसरला.

"ताई? तू इथे? मग दुकानात कोण आहे?"

सात महिन्यांतले पहिले शब्द, आणि ऐकायला तीनशे माणसं.

"तू आहेस ना दुकानात!" आत्या ओरडली. तिला माईकची गरज नव्हती.

"मी चिठ्ठी लावली होती! चादरीवर!"

"मीही लावली होती! कोटावर!"

"पुढे रेडिओ चालू होता!"

"मागे मशीन चालू होतं!"

"प्रश्न कृपया क्लबशी संबंधित असावा," सेक्रेटरी म्हणाला. पण त्या वेळी सगळ्यात संबंधित प्रश्न तोच होता, आणि दोघं दोन दारांनी बाहेर पडलीसुद्धा.

रस्त्यावर ती एकत्र आली. एकमेकांकडे न बघता, जवळजवळ पळत. आत्याला दम लागत होता. धाकटा दोन पावलं पुढे जायचा आणि थांबायचा. ती जवळ आली की पुन्हा पुढे.

"इस्त्री?" त्याने विचारलं.

"बंद आहे. मशीन?"

"आपोआप थांबतं."

दोघांनी पावलं आणखी उचलली.

दुकानाचं दार सताड उघडं होतं आणि काउंटरवर सुतार बसला होता, पायाशी रंधा, भिंतीला टेकवलेली ताजी लांब फळी. "किती वाजता येणार तुम्ही लोक?" उलट त्यानेच विचारलं. "तीन गिऱ्हाइकं आली. दोघांना कपडे शोधून दिले. तिसऱ्याला म्हटलं, उद्या या, मालक भांडायला गेलेत." मग तो उतरला, खिशातून पेन्सिल काढली. "हं, कुठे ठोकू? आणि मालक कोण आहे ते आधी सांगा. उगाच नंतर कटकट नको."

सुताराने पेन्सिल कानावर ठेवली आणि वाट पाहिली.

आत्याने फळीकडे बघितलं, धाकट्याच्या साबण लागलेल्या बाहीकडे बघितलं. हॉलमधलं हसणं अजून तिच्या कानात होतं.

"मला फळी नको," ती म्हणाली. "नकोच होती."

धाकटा वळला. "मग 'बरं' का लिहिलंस?"

"तू कुठे विचारलं होतंस? तू कळवलं होतंस."

"मला वाटलं, तू नको म्हणशील." त्याचा आवाज बारीक झाला. "म्हणूनच लिहिलं होतं, ताई. तू बरं लिहिलंस, मग मी काय करणार? दोन दिवस जेवलो नाही. तिला विचार हवं तर." तिला म्हणजे बायकोला.

आत्याला हसू आलं आणि डोळे भरून आले, आणि या वेळी वाफेचं कारण नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले, उघड.

"ते सगळं ठीक आहे," सुतार म्हणाला, "पण फळी मापाने कापून आणलीय. ती आता कुठली परत घेतात?"

धाकट्याने फळीवर हात फिरवला, तिची लांबी बघितली, मग काउंटरपासून मागच्या हौदापर्यंत नजर नेली. "उभी नको," तो म्हणाला. "आडवी टाका. इथून तिथपर्यंत एकच टेबल. ती या टोकाला, मी त्या टोकाला."

"उंची?"

"तिला विचारा," धाकटा म्हणाला.

"त्याला विचारा," आत्या म्हणाली.

सुताराने हातातली पट्टी टेबलावर आपटली. "मी काय तुमचा निरोप्या आहे? अहो, एकमेकांना विचारा की!"

मग त्यांनी विचारलं. आत्याला उंच टेबल हवं होतं, धाकट्याला कंबरेमुळे बुटकं. त्यावरून जुंपली ती थेट कप्तानावर गेली, तिथून प्रशिक्षकावर, तिथून वडिलांवर. तासाभरात सात महिन्यांची सगळी थकबाकी भांडून झाली. सुताराने दोनदा हळू बोलायला सांगितलं आणि शेवटी उंची स्वतःच ठरवली.