मंगलचा खांदा आणि वीस लिटर पाणी

खिडक्यांच्या काचा पुसणारीकडे एवढे किस्से कुठून येतात, असं मला लोक विचारतात. अहो, येतात कुठून काय! लोक आमच्यासमोर भांडतात, जेवतात, केसांना मेंदी लावून बसतात. काचेपलीकडच्या बाईला काही दिसत नाही, अशीच सगळ्यांची समजूत असते. हातात वायपर आणि पायाशी पाणी घेऊन आठवडाभर भोपाळमध्ये फिरा, पोतंभर किस्से जमतील. त्यातही आमचे सगळ्यात भारी किस्से काचांचे नाहीत, पाण्याचे आहेत.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ मंगल. दोघी पिपलानीतच राहतो. पाणी आम्ही घरून नेतो, कारण बंगल्यांच्या बोअरचं पाणी काचेवर वाळलं की पांढरे ठिपके उठतात. नळाचं पाणी वापरलं की काच कशी लख्ख निघते.

तर गेल्या वर्षी मंगलचा डावा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, “बाल्टी उठाना बंद.” मंगल दवाखान्याच्या पायरीवर बसून रडायला लागली. यवतमाळहून लग्न होऊन आली तेव्हा हिंदीच्या भीतीने ही शेजारणीशीसुद्धा बोलायची नाही. या कामाने तिला माणसं मिळाली. आता अर्धी अरेरा कॉलनी तिला नावाने हाक मारते.

“ताई, काम सुटलं तर मी परत त्या दोन खोल्यांत मुकी होऊन बसेन गं.”

मला रडणं बघवत नाही, लगेच राग येतो. म्हटलं, “बादली उचलायची नाही म्हणालेत ना? काच पुसायची नाही असं कोण म्हणालं? पुसायला उजवा हात आहे. पाणी न्यायचं काहीतरी बघू!”

आणि बघता बघता काय काय बघितलं, ते ऐका.

*

सगळ्यात आधी मंगलच्या भावाने यवतमाळहून फवारणीचा पंप पाठवला. पाठीवर अडकवायचा, दांडा हलवायचा, नळीतून फवारा. कोरा करकरीत, औषधाचा थेंबही न लागलेला. पहिल्या दिवशी तो मीच पाठीवर घेतला आणि आम्ही दोघी एका ऑफिसात गेलो. गार्डने मला पाहिलं आणि आत ओरडला, “चलो खां, मच्छर मारने वाले आ गए!”

मी तोंड उघडायच्या आत सगळा मजला रिकामा! कुणी डबा झाकला, कुणी कॉम्प्युटरवर पेपर टाकला, अकाउंट्सवाल्या बाई तर पर्स घेऊन पळाल्या. उरले एकटे मॅनेजर. नाकाला रुमाल लावून म्हणाले, “इस कोने में ज़रा ज़्यादा मारिए।”

“साहब, सादा पानी है। काँच साफ करने आए हैं।”

त्यांनी रुमाल काढला, बाहेर चहाच्या टपरीवर जमलेली गर्दी पाहिली आणि खुर्चीत आरामात रेलून बसले. “तो आराम से कीजिए। नीचे किसी को बताइएगा मत।”

पंप चांगला होता हो. पण त्याचे पट्टे नेमके दोन्ही खांद्यांवर येतात. मंगलने घालून पाहिला आणि तिचा चेहराच सगळं बोलला. पंप परत यवतमाळला.

*

मग आमच्या भावजींनी मनावर घेतलं. भावजी म्हणजे मंगलचे मिस्टर, गोविंदपुऱ्यात एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत. स्वभावाने देवमाणूस, पण हातात लोखंड आलं की भान राहत नाही. बायकोसाठी करायचं म्हणून रोज ड्यूटी संपली की थांबून त्यांनी पाण्याचा गाडा केला. अँगल, चॅनल, जाडजूड पत्रा, चार चाकं, वर ब्रेक!

टेम्पोतून तो उतरवायला गल्लीतले सगळे पुरुष लागले. मी ढकलून पाहिला. हलेना. मंगलने एका हाताने ढकलला. हलेना.

मी म्हटलं, “भावजी, अजून पाणी भरायचंय हो यात!”

भावजी गाड्याभोवती फिरले, चाकं बघितली, कपाळावरचा घाम पुसला. म्हणाले, “वहिनी, पण हा कधीच मोडणार नाही.”

आणि खरंच मोडला नाही. गल्लीतली पोरं संध्याकाळी त्यावर बसून गप्पा मारतात. त्या माणसाचं प्रेम गाड्यात मावलं नाही एवढंच. मंगल अजून तो गाडा फडक्याने पुसते.

*

त्यानंतर मी स्वतः चौक बाजारात गेले. दुकानदाराने टाक्या दाखवल्या, बॅटरीचे पंप दाखवले, प्लास्टिकच्या घडीच्या बादल्या दाखवल्या. मी प्रत्येक गोष्ट उचलून बघत होते. शेवटी तो वैतागला. “आपा, आपको पानी ले जाना है या बारात?”

शेवटी घेतली बॅगा ओढायची साधी ट्रॉली. त्यावर वीस लिटरचा कॅन, वर सायकलच्या ट्यूबने बांधलेला. सपाट रस्त्यावर मंगल एका हाताने ओढायची! मला तर दुकानदाराच्या पाया पडावंसं वाटलं.

पण भोपाळ आणि सपाट? अरेरा कॉलनीतल्या एका उतारावर मंगल घाम पुसायला थांबली आणि ट्रॉली निघाली. आम्ही मागे धावतोय, “पकडो, पकडो!” समोरचा स्कूटरवाला पकडायचं सोडून बाजूला झाला. ट्रॉली वळणावर वळली काय, सरळ झाली काय, आणि थेट आमच्याच कस्टमरच्या, जोशीकाकूंच्या, फाटकाला जाऊन टेकली. थेंब सांडला नाही.

आम्ही धापा टाकत पोचलो. काकू फाटकात उभ्या, घड्याळ बघत.

“पाणी वेळेवर आलं. तुम्हालाच उशीर झाला.”

मग दोघींना चहा दिला, मंगलला शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, आणि वर दटावलं, “चाकाखाली दगड लावत जा गं!” तेव्हापासून ट्रॉलीला एक दगड कायमचा बांधलेला आहे.

*

खांद्याची बातमी कॉलनीत पसरली. तिकडच्याच आमच्या कस्टमर तिवारीभाभींना फारच वाईट वाटलं. मला फोन, “मंगल से कहना पानी न लाए, मैंने भर के रखा है।” जाऊन बघते तर काय! बादल्या, पातेली, कुकर, नातवाचा टब, सगळं काठोकाठ भरलेलं. मला भरून आलं हो. इतकं कोण कुणासाठी करतं?

आम्ही त्याच पाण्याने अख्खं घर पुसलं. ऊन आलं, काचा वाळल्या आणि बाई गं! चुन्याचा हात मारल्यासारख्या सगळ्या पांढऱ्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की ते पाणी आरओच्या मागच्या नळीतून बाहेर पडतं ते, सगळा क्षार उरलेलं. भाभींनी काटकसरीने चार दिवस साठवलं होतं. बोअरचं परवडलं!

मंगलचा जीव अर्धा झाला. भाभींनी मात्र काचेवरून बोट फिरवलं आणि खुश होऊन म्हणाल्या, “चलो, अब परदे धोने भी नहीं पड़ेंगे। बाहर से कुछ दिखता ही नहीं!”

दुसऱ्या दिवशी आमच्या पाण्याने परत सगळं पुसलं. अशा बाईवर रागावणार कोण?

*

सगळं जमलं, पण जिने राहिले. ट्रॉली जिना चढत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतींत पाणी वर मी नेत होते, आणि माझेही गुडघे काही सोन्याचे नाहीत. मंगल बघायची आणि संध्याकाळी माझ्या गुडघ्यांना तेल चोळायची. दिवाळीच्या तोंडावर म्हणालीच, “ताई, तू माझ्यासाठी मरमर करतेस. दिवाळीनंतर दुसरी कुणीतरी बघ.” मी तिला वाट्टेल ते बोलले. पण दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

त्या दिवशी नेमकं वर्माजींकडे काम होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेला एकटा माणूस. आम्ही इतकी वर्षं जातोय, पण पेपरमधून डोकं वर काढलेलं मी कधी पाहिलं नाही. दार उघडायचे, बसायचे, दार लावायचे. नमस्कारालाही उत्तर नाही. मी मनात त्यांना ‘खडूस’ म्हणायचे.

मी बादली घेऊन धापा टाकत वर पोचले. पेपर खाली झाला.

“वो दूसरी वाली कहाँ हैं?”

मी आधीच तापलेली. सगळं सांगून टाकलं. खांदा, पंप, गाडा, ट्रॉली, जिने, आणि ही बया काम सोडते आहे ते. त्यांनी ऐकून घेतलं. “आज रहने दीजिए। परसों दोनों आइए,” म्हणाले आणि पेपर परत वर.

मंगलला मी अक्षरशः ओढत नेलं. खाली ट्रॉली लावली, चाकाला दगड लावला. बघतो तर वर्माजी खाली उभे. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात स्वतःची छोटी बादली. कॅनची तोटी सोडली, बादली भरली आणि जिना चढायला लागले.

मंगल घाबरली. “साहब, आप क्यों... रहने दीजिए ना!”

“आप काँच देखिए,” ते न थांबता म्हणाले. “पानी मेरा काम है।”

वर जाऊन मंगलने पदर खोचला. पहिली खिडकी साहेबांकडे चोरून बघत कशीबशी पुसली. दुसरी बरी. तिसरीपर्यंत ती विसरून गेली की बादलीशेजारी कोण उभं आहे. काचेवर फुंकर मारली, डोळे बारीक करून तिरकं बघितलं, मग बादलीत बघितलं, आणि भुवया आवळल्या.

“ये पानी गंदा हो गया, साहब। दूसरा लाइए।”

मी पटकन बादलीकडे हात नेला.

“जी,” वर्माजी म्हणाले, आणि बादली उचलून जिना उतरायला लागले.