डंकावरचं मीठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लेकाला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढं बसूनही नाही. आणि आता सांगतेय ते मन हलकं करायला नव्हे. ऐकायचं तर ऐका.

सत्तरीची बाई काही विसरली की घरातल्यांचे चेहरे कसे होतात, पाहिलंय तुम्ही? मी पाहिलंय. दूध दोनदा उतू गेलं, एकदा गॅस चालू राहिला — आणि सून म्हणाली, आई, आता स्वयंपाकाला बाई लावूया का? प्रेमानंच म्हणाली. तेच तर वाईट! पंचेचाळीस वर्षं ज्या ओट्यापुढं उभी राहिले, तो माझ्याकडून प्रेमानं काढून घेणार होते. मी भ्याले. होय, मी — जिच्या तोंडाला कळंब्यातली आमची अख्खी गल्ली भिते, ती.

त्यातच उन्हाळा आला आणि वर्षाची चटणी करायची वेळ झाली. आमच्याकडं कांदा-लसूण चटणी बिघडली म्हणजे वर्षभर रोजच्या जेवणात बोलणी खायची. मसाल्याचं, मिठाचं प्रमाण सगळं माझ्या डोक्यात. चटणी कांडायच्या डंकावर मला हे स्कूटरवरून न्यायचे. हे म्हणजे माझे यजमान. शिरोलीच्या फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करायचे. हाताला सुताचाही फरक चालत नसे. निवृत्तीनंतर भाजी, रविवारचं मटण, संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर पत्ते — सगळीकडं त्याच स्कूटरवर.

मीठ मी घरीच मिसळलं होतं. डंकावर परत टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना लेकानं घास खाली ठेवला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी — किती सहज! — म्हणाले, "ह्यांनी टाकलं असणार. मिठाची पिशवी ह्यांच्याच हातात होती."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "व्हय, माझ्याच हातनं झालं आसंल की."

एवढंच. पण ते घरात मुरलं. ह्यांचा चष्मा सापडला नाही की लेक-सून म्हणायचे, अण्णांचं हल्ली असंच. लेकानं आधी स्कूटरची किल्ली काढून घेतली. मग मटण घरपोच यायला लागलं. मग पत्ते बंद — वाटेत काही झालं तर? डॉक्टरांकडंही नेलं. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, आकडे उलटे म्हणायला लावले. ह्यांनी सगळं बरोबर केलं. डॉक्टर म्हणाले, ह्यांना कामं करू द्या, माणसांत राहू द्या, हातातलं काही काढून घेऊ नका. मी शेजारच्याच खुर्चीत होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? घरी येऊन लेक म्हणाला, कशाला धोका पत्करायचा. मी मान डोलावली.

आणि डॉक्टरांचा सल्ला पाळला कुणी? मी! रोज तलावावर फेरी, भजनी मंडळात नवीन अभंग पाठ, शेजारणीकडून कानडी. डोकं गंजू दिलं नाही. ओटा अजून माझाच आहे. हे मात्र हॉलमधल्या खुर्चीत बसून राहिले.

एकदा दुपारी आम्ही दोघंच शेंगा सोलत होतो. हे एकदम म्हणाले, "मीठ तूच टाकलंतंस. मी बघितलंतं. बोललो आस्तो तर तुझं सैपाकघर गेलं आस्तं की." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडता मला येतं. मी शेंगांचं ताट उचललं आणि आत गेले. त्या दिवशीही लेकाला सांगता आलं असतं, किल्ली परत मिळाली असती. सांगितलं नाही.

पुढं ते खरंच विसरायला लागले. कुणी म्हणेल, वयच होतं, व्हायचं ते झालंच असतं. असेलही. मी त्या आडोशाला उभी राहणार नाही.

परवा मात्र सांगायचंच म्हणून त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच हसून अदबीनं विचारलं, "पावणं, कुणाकडं आलाय?"

मी म्हटलं, तुमच्याकडंच.

मला माफ करायचा हक्क ह्या एकाच माणसाला होता. दुसऱ्या कुणाची माफी मला नको.