हैदराबाद सव्वा तासावर

फर्दापूरच्या माळावर मेंढरं चारण्यात मुंजाबाची साठ वर्षं गेली. त्याला अंतर कळायचं ते मुक्कामांत. हर्सूलचं तळं म्हणजे कळप घेऊन सात मुक्काम.

त्याची लेक प्रांजली हैदराबादला नोकरीला लागली आणि तिथंच तिनं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं. मुंजाबानं तिच्याशी बोलणं टाकलं. वर्षभरात राग ओसरला, पण तसं कबूल कोण करणार? कुणी विचारलं की म्हणायचा, "हैदराबाद लई दूर. मेंढरं टाकून कसं जावं?" नात झाली तेव्हाही हेच. बायको सुगंधाबाई ऐकून घ्यायची आणि चुलीपुढून उठून जायची. अशी चार वर्षं गेली.

मुलगा अजिनाथ पर्यटकांना अजिंठ्याला नेणारी टॅक्सी चालवायचा. या हिवाळ्यात बापाचा मोतीबिंदू काढला. शहरात डोळे तपासून परतताना अजिनाथला चिकलठाण्याच्या विमानतळावरून प्रवासी घ्यायचे होते. मुंजाबा पुढच्या सीटवर बसून राहिला. भिंतीपलीकडून एक विमान उठलं.

"कुठं चाललंय रं?"

"हैदराबादला, आप्पा."

"सांजच्याला पोचत आसंल."

"नाय वो. सव्वा तास. वरनं सव्वाचारशे किलोमीटरच भरतं."

"सव्वा तासात माझी मेंढरं वढा बी वलांडत नाय," मुंजाबा म्हणाला. अजिनाथ हसला, पण बापाचा चेहरा पार उतरला होता.

घरापाशी त्यानं गाडीचं दार उघडलं. उतरताना म्हणाला, "दोन तिकिटं काढ. तुझी माय बी येईल."

"आन मेंढरं?"

"तू हायस की."

विमानात सुगंधाबाईनं जे डोळे मिटले ते उतरेपर्यंत उघडलेच नाहीत. मुंजाबा खिडकीला नाक लावून होता. खाली गोदावरी दिसली, शेतं दिसली, मग नुसते ढग. लेकीला पहिला शब्द काय बोलायचा, हे तो मनात जुळवत होता. चालत निघाला असता तर महिना मिळाला असता. इथं अजून काही सुचलं नव्हतं, तोच विमान खाली वाकलं.

"उतराया लागलं व्हय?" त्यानं शेजारच्या माणसाला घाबरून विचारलं.

अजिनाथनं कळवलं होतं, त्यामुळं बाहेर प्रांजली कडेवर पोर घेऊन उभी होती. ती पाया पडायला वाकली, तशी मुंजाबानं नात घेतली. पोरीनं त्याचा पटका ओढला, मोकळा झालेला पदर पाहून दचकली आणि भोकाड पसरलं. तिला थोपटता थोपटताच तो लेकीकडं बघत म्हणाला, "लई बारीक झालीस गं."

प्रांजलीला रडू आवरेना. जरा वेळानं तिनं विचारलं, "आप्पा, किती दिवस राहणार?"

"परवाचं तिकीट हाय," सुगंधाबाई म्हणाली.

"ते मोडता येतं का बघ," मुंजाबा लेकीला म्हणाला.

दोघं अठरा दिवस राहिली. तिकडं टॅक्सी दारात उभी, अजिनाथ माळावर. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "आप्पा, येता कवा?" मुंजाबा फोन नातीच्या कानाला लावून द्यायचा.