बंबातले पाणी

मध्य भारत राज्य झाले त्या वर्षी, १९४८ साली, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, उज्जैनच्या माधवनगरमधल्या आमच्या भाड्याच्या घरात नळ आला. त्याच आठवड्यापासून आमच्याकडची तूरडाळ शिजेनाशी झाली.

वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. आई घरीच खाणावळ चालवत असे. जेवायला पाच कारकून येत. सगळे ग्वाल्हेरकडचे, नव्या राज्यात खाती हलली तेव्हा उज्जैनला बदलून आलेले, बिऱ्हाड नसलेले. सकाळी साडेनऊला वरण-भात, पोळी, भाजी. संध्याकाळी पुन्हा तेच. खाणावळ चालली नाही तर आम्ही दोघींनी नागपूरला मामांकडे जायचे, असे ठरले होते. मी तेरा वर्षांची होते. मामांकडे गेल्यावर माझी शाळा सुटणार, हे कुणी बोलले नव्हते, पण मला माहीत होते.

नळाच्या आधी आम्ही अंगणातल्या विहिरीचे पाणी वापरत असू. नळ आल्यावर घरमालकाने विहीर बुजवली आणि त्या जागी सिंधमधून आलेल्या एका कुटुंबासाठी खोली बांधायला घेतली.

नळाचे पाणी दिसायला स्वच्छ होते. पण साबणाला फेस येत नसे, बादलीत दही फाटल्यासारखे कण तरंगत. शिकेकाईने धुतलेले केस चिकट राहत. कळशी सुकली की तिच्यावर पांढरे डाग उमटत. याची तक्रार कुणी केली नाही. तक्रार डाळीची झाली.

पाचांतले वयाने मोठे गृहस्थ हेडक्लार्क होते. एका सकाळी भात कालवता कालवता ते म्हणाले, "वहिनी, आज ताटात डाळीची हजेरी घेता येईल. एकही दाणा गैरहजर नाही."

"दोन तास चुलीवर होती, भावोजी," आई म्हणाली.

"मग डाळ जिद्दी आहे," त्यांच्या शेजारचा तरुण कारकून म्हणाला. "आमच्या साहेबासारखी. कितीही तापवा, नरम पडत नाही."

आईने डाळ जुनी समजून घड्याळाच्या टॉवरजवळच्या वाण्याला परत नेऊन दिली. मी बरोबर होते. वाण्याने दाणा दाताखाली फोडून पाहिला. "बाईजी, माल तो वही है. आप चुटकीभर सोडा डाल दिया करो." सोडा घातल्यावर डाळ मऊ झाली, पण तिचा रंग काळपट पडला आणि चव साबणासारखी लागली. हेडक्लार्कनी दोन घास खाऊन वाटी बाजूला सारली. हात धुतल्यावर ते आईला म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पोळ्या तुमच्यासारख्या कुणाच्या नाहीत. पण रोजचं वरणच असं असेल तर पहिल्या तारखेपासून आम्ही दुसरीकडे बघतो. सगळेच." पहिली तारीख बारा दिवसांवर होती.

त्यानंतर चार दिवसांनी आई बाजूला बसली. तेव्हा महिन्याचे ते तीन दिवस बाईने चुलीपाशी जायचे नसे. स्वयंपाक मी केला. पहिल्याच सकाळी मी उशिरा उठले. नळ गेला होता. कळशीत भातापुरते पाणी होते. उरलेले पाणी फक्त आंघोळीच्या बंबात होते, उकळून निवलेले. आंघोळीचे पाणी स्वयंपाकाला घेत नाहीत, हे मला माहीत होते. मी ते घेतले आणि त्यात डाळ शिजत घातली. पाऊण तासात ती पळीने मोडली.

"आज कोणी केलं वरण?" हेडक्लार्कनी विचारले आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी नळाला पाणी होते. तरी मी बंबातलेच घेतले.

चौथ्या दिवशी आई न्हाऊन चुलीपाशी आली. डाळ पुन्हा कच्ची राहिली. तरुण कारकून म्हणाला, "काकू, डाळ मुलीलाच करू द्या." मंडळी कचेरीत गेल्यावर आईने मला समोर बसवले.

"तू काय घालत होतीस?"

"काही नाही. पाणी."

"कुठलं?"

"बंबातलं."

"तिन्ही दिवस?"

"हो."

"नैवेद्याच्या वरणालाही?"

मी मान हलवली.

"म्हणजे देवालाही आंघोळीचं पाणी पाजलंस," आई म्हणाली. मारले नाही. उठून देवासमोर दिवा लावला, नाक घासले आणि मग बंबापाशी जाऊन बसली. बंबाचे झाकण काढून तिने आत हात घातला. हाताला पांढरा थर लागला, चुन्यासारखा. तिने तो बोटांत चोळून पाहिला.

त्याच दुपारी तिने माळ्यावरचा तांब्याचा हंडा उतरवून चिंचेने घासला. सोवळे नेसून त्यात नळाचे पाणी भरले, चुलीवर ठेवून खळाखळा उकळले आणि झाकून ठेवले. सकाळी वरवरचे पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घेतले. तळाशी गाळ राहिला. वरच्या पाण्यात डाळ शिजली, सोडा न घालता.

हेडक्लार्कनी वरण पाहिले, मग आईकडे पाहिले. "मुलीकडून शिकलात वाटतं, वहिनी?"

"हो," आई म्हणाली.

पहिल्या तारखेला पाचही जण नेहमीच्या वेळी जेवायला आले. त्यानंतर हंडा रोज दुपारी चुलीवर चढत असे. वर्षातून दोनदा तांबट त्याचा थर ठोकून काढी. आम्ही नागपूरला गेलो नाही. मी मॅट्रिक उज्जैनमध्येच झाले.

१९५६च्या नोव्हेंबरात राज्य पुन्हा बदलले, मध्य प्रदेश झाले आणि पाचांपैकी तिघांची बदली भोपाळला झाली. हेडक्लार्क त्यांत होते. संक्रांतीला त्यांचे पत्र आले. तिथे तलावाच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, पण माझ्या त्या तीन दिवसांच्या वरणाची चव तिला नाही, असे त्यांनी लिहिले होते. आईने उत्तर मला सांगून लिहून घेतले. त्यात बंबाचा उल्लेख नव्हता.