स्टॅम्प नसलेल्या सात बाटल्या

अन्याय झाला तो जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या देशमुख काकांवर. गेल्या मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी सव्वासात वाजता. त्सोलचे, म्हणजे कस्टम्सचे, दोन अधिकारी त्यांच्या दारात उभे राहिले. एकाच्या हातात आमच्या संघटनेचं पत्रक होतं. ते मी लिहिलं होतं.

लुडविग्सहाफेनला व्हेपिंग करणाऱ्यांची, म्हणजे ई-सिगारेट ओढणाऱ्यांची, एक छोटी संघटना आहे, तिची पत्रकं लिहिणं हा माझा जॉब. आमचे बरेचसे सभासद सिगारेट सोडून व्हेपवर आलेले. काही जण व्हेपमध्ये भरायचं लिक्विड घरीच मिसळतात. त्यासाठी बेस लागतो. बेस म्हणजे मुख्यतः ग्लिसरीन. त्यात निकोटिनचा थेंबही नसतो. तरी जुलै २०२२ पासून त्यावर तंबाखूचा कर आहे, मिलिलिटरवर मोजून. कर भरल्याची खूण म्हणजे बाटलीवरचा सरकारी स्टॅम्प. ज्यात तंबाखू नाही त्यावर तंबाखूचा कर. मला याचा संताप येतो, आजही. पण आज माझ्याबद्दल लिहायचंय.

काका सख्खे नाहीत. कार प्लांटमध्ये इंजिनिअर आहेत. मी जर्मनीत आले तेव्हा पहिले दोन महिने त्यांच्या घरी राहिले, तेव्हापासून काका. अठ्ठावीस वर्षांची सिगारेट त्यांनी तीन वर्षांपूर्वी सोडली. दर रविवारी जेवण झालं की किचनच्या वजनकाट्यावर आठवड्याचं लिक्विड मिसळायचे, ग्रॅममध्ये, वहीत लिहून.

अशाच एका रविवारी मी जेवायला गेले होते. शेल्फवर लिटरच्या सात बाटल्या. एकीवरही स्टॅम्प नाही.

"पार्सलने मागवल्या, बाहेरच्या देशातून," काका म्हणाले. "निकोटिन नाही त्यात. मग कसला टॅक्स?"

मला कायदा पाठ होता. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हणाले, "काका, जरा शेल्फशेजारी उभे राहा ना."

"अहो, शर्ट तरी बदला," काकू म्हणाल्या.

"बाटल्यांचा फोटो आहे, माझं लग्न नाही."

सोमवारी आमच्या बॉस, फ्राऊ ब्रांट, यांनी फोटो पाहिला. "आइनविलिगुंग?" म्हणजे छापायला लेखी परवानगी.

"ते माझे काका आहेत."

"वडिलांचे भाऊ?"

"तसं नाही."

"आल्झो, मग सही आण."

आणते म्हणाले आणि दुपारी पत्रक छापायला पाठवलं. आपल्या माणसाकडे फॉर्मवर सही मागायची? ज्यांच्या घरी दोन महिने जेवले त्यांच्याकडे? मला ते अपमानास्पद वाटलं. आता वाटतं, सही मागितली असती तर काकांनी विचारलं असतं की कशासाठी. आणि मला सांगावं लागलं असतं.

शीर्षक होतं, 'हा माणूस गुन्हेगार आहे का?' खाली काकांचा फोटो, नाव, गाव आणि त्यांचं पार्सलचं वाक्य, ठळक अक्षरांत. त्याच आठवड्यात बुधवारी ते मी कस्टम्सच्या ऑफिसच्या गेटवर उभी राहून वाटलं. एका अधिकाऱ्याने पूर्ण वाचलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं. मी खूश झाले. वाचणारा भेटला म्हणून.

त्या गुरुवारी काकांच्या बाटल्या जप्त झाल्या. काकांनी कर आणि वर दंड भरला, केस बंद झाली. कागदावर एवढंच.

केस बंद झाल्यावरच्या शनिवारी मी गेले. तोपर्यंत गेले नव्हते. काका बाल्कनीत होते, हातात सिगारेट.

"मिसळणं बंद केलं," ते म्हणाले. "कुठल्या बाटलीवर काय लागतं, मला नाही कळत गं. परत दारात कोणी नको." त्यांनी पाकीट माझ्यापुढे धरलं. "याच्यावर बघ, स्टॅम्प असतो."

काकूंनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"जेवत होतीस ना तेव्हा. याच टेबलावर."

"जाऊ दे," काका म्हणाले. "तिचं कामच आहे ते."

काकूंच्या बोलण्यापेक्षा हे वाक्य जड गेलं. कायदा मूर्ख आहे हे मी हजार प्रतींत सिद्ध करायला निघाले होते. त्यासाठी मला एक बिनस्टॅम्पची बाटली आणि एक भोळा माणूस हवा होता. दोन्ही एकाच किचनमध्ये मिळाले, आणि मी दोघांचा सारखाच वापर केला.

आता नियम साधा आहे: आधी सावध करायचं, मग सही, मग फोटो. पुढचं पत्रक याच कायद्याविरुद्ध असेल. त्यासाठी मी तुमच्याकडे येईन, घरचीच असल्यासारखी. तेव्हा विचारा, "हे छापलं तर माझं काय होईल?" उत्तर मिळेपर्यंत फोटो काढू देऊ नका. मलाही नाही.