पापणी उघडी होती

डोळ्याच्या आजाराने माणूस मरत नाही, असं मी कालपर्यंत सगळ्यांना ठासून सांगायचो.

आज सकाळी पावणेआठला मी मागावर तुटलेला धागा जोडत होतो. शेजारचा माग बंद होता. अण्णांच्या घरून वहिनींचा फोन आला.

"अण्णा गेले."

मी म्हटलं, "अहो, काल तर डोळा चांगला होता की!"

दुधनीचे मल्लिनाथ अण्णा. टॉवेलच्या कारखान्यात माझ्या शेजारचा माग त्यांचा. शाळा सोडून आलेल्या मला धाग्याची गाठ त्यांनी शिकवली.

गेल्या वर्षी त्यांची डावी पापणी खाली यायला लागली. दुपारनंतर एका धाग्याचे दोन दिसायचे. मग ते अंगठ्याने पापणी वर धरून माग बघायचे.

पोरं चिडवायची. "अण्णा, कुणाला डोळा मारताय ओ?"

"तुज्या सासूला, तम्मा." सगळी पोरं त्यांची तम्मा, म्हणजे धाकटे भाऊ.

आम्ही दोन दवाखाने केले. खाडा नको म्हणून दोन्ही वेळा सुट्टीच्या दिवशी, सकाळी. झोपून उठलेला डोळा टक्क उघडा. दोन्हीकडे नवा चष्मा मिळाला.

तिसऱ्या दवाखान्यातल्या मॅडम नसांमुळे होणारे डोळ्यांचे आजार बघणाऱ्या. त्या म्हणाल्या, "कामावरून थेट या. दमलेला डोळा मला बघायचाय."

केसांत कापूस घेऊनच गेलो. मॅडमनी हातमोज्यात बर्फ भरून पापणीवर धरला. दोन मिनिटांनी काढला.

पापणी वर!

"अय्यो, शटर उघडलं की!" अण्णा हसले.

मायस्थेनिया. नसेचा निरोप स्नायूला नीट पोचत नाही. गोळ्या सुरू झाल्या. निघताना मॅडम म्हणाल्या, "पापणीपेक्षा गिळण्याकडे आणि श्वासाकडे लक्ष द्या. घास अडकला, आवाज बदलला, तर लगेच मोठ्या दवाखान्यात."

आम्ही दोघांनी मान हलवली.

आणि नंतर सगळेच पापणी बघत राहिलो.

रोज गेटवर कुणीतरी विचारायचं, "अण्णा, शटर?"

"उघडं हाय!"

झालं. अण्णा बरे.

या आठवड्यात ताप, खोकला. आवाज नाकातून येऊ लागला. काल जेवताना भाकरी चहात बुडवली, तरी घशाखाली उतरेना.

मी म्हटलं, "अण्णा, दवाखान्यात जाऊ या."

"सर्दी हाय रे. खाडा कशाला? हे बघ, डोळा बघ."

बघितला. उघडा होता.

पहाटे त्यांना श्वास घेता येईना. रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पापणीचाच आजार श्वासाच्या स्नायूंत पोचला होता, हे मला अजून नीट उमगत नाही.

तुमच्या घरात कुणाची पापणी संध्याकाळी जड होत असेल, दोन-दोन दिसत असेल, तर दमलेल्या वेळी दाखवा. आणि घास अडकायला लागला तर डोळा बघत बसू नका.

मी अण्णांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांचा डावा डोळा अर्धा उघडा होता. वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच मिटवा, भाऊजी."

मागावर त्यांनी अंगठ्याने वर धरलेली पापणी मी अंगठ्याने खाली केली.

अण्णा, तुमची बातमी कळल्यावर मालकांनी आज कारखाना बंद केलाय.

तुमचा खाडा पडत नाही.

निवांत झोपा. नमस्कार.